संततिनियमन : फुकट साधनांची किंमत

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या या वाचनालयाने मला येथे बोलावले, याबद्दल मी मनापासून आभार मानते. या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या पंगतीत माझा विषय थोडा अवघडून बसणारा आहे, याची मला जाणीव आहे. घरात चारचौघांत जो शब्द आपण हळू आवाजात उच्चारतो, त्याविषयी सभेत ध्वनिक्षेपकावरून बोलायचे आहे. परंतु स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरीत आयुष्याची तीसहून अधिक वर्षे घालविल्यावर मला ज्याविषयी अधिकाराने काही सांगता येईल, असा विषय हाच आहे. कमी मिळकतीच्या माणसाला संततिनियमनाची साधने खरोखर परवडतात का, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्या मनात एका स्त्रीने उभा केला. मी तेव्हा एका सरकारी रुग्णालयात काम करीत होते. बांधकामावर विटांच्या पाट्या वाहणारी, तिशीही न गाठलेली एक बाई तपासणीला आली. चौथ्या खेपेची गरोदर होती, रक्त कमी, अंगावर सूज. मी तिच्यावर रागावले. आम्ही डॉक्टर मंडळी अशा वेळी रागावतो आणि त्यालाच कळकळ समजतो. मी म्हटले, "तांबी इथे फुकट बसवतात, गोळ्या फुकट मिळतात, मग तू आली का नाहीस?" तिने शांतपणे सांगितले की ती दोनदा आली होती. पहिल्या वेळी तांबी शिल्लक नव्हती, पुढच्या मंगळवारी ये म्हणून सांगितले. त्या मंगळवारी आली, तर बसविणाऱ्या सिस्टर रजेवर होत्या. दोन्ही वेळा दिवसाची मजुरी बुडाली, जाण्यायेण्याचे भाडे गेले, धाकटे मूल शेजारणीकडे ठेवावे लागले ते वेगळेच. तिसऱ्यांदा खाडा केलास तर कामावर येऊ नकोस, असे मुकादमाने बजावले. मग ती म्हणाली, "बाई, फुकट आहे खरं, पण मला ते परवडत नाही."

ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. आज जे काही सांगणार आहे ते सारे या एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे, असे समजावे.

मराठी वाचकांसमोर हा विषय मांडताना आरंभ रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यापासूनच केला पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. भारतातील असे ते पहिले केंद्र. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. म्हणजे या एका बाबतीत तरी मुंबई लंडनच्या मागे नव्हती. १९२३ साली 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे त्यांचे पुस्तक आले. या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले, ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत. पत्नी मालतीबाईंची साथ, सततची ओढगस्त आणि अश्लीलतेचे खटले, असा तो संसार होता. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. कर्व्यांनी मासिक मात्र बंद केले नाही.

कर्व्यांचे मोठेपण आपण सारेच मान्य करतो. निदान आता करतो. परंतु त्यांच्या कार्याची मर्यादाही पाहिली पाहिजे, कारण ती त्यांची नसून काळाची होती आणि ती आजही पुरती संपलेली नाही. त्यांचे मासिक वाचायचे तर अक्षरओळख हवी आणि वर्गणीचे पैसे हवेत. त्या काळी वापरात असलेली साधने बहुतांशी परदेशातून येत. ती गिरणीतल्या मजुराने कोठून घ्यावीत? ज्ञान आणि साधन दोन्ही मध्यमवर्गापर्यंत पोहोचले आणि मध्यमवर्गाने त्यांचा गुपचूप उपयोग करून घेतला. ज्यांच्या आजोबांच्या पिढीत दहा-दहा भावंडे होती त्या घरांत पुढे तीन आणि मग दोन मुले दिसू लागली. त्या घरांनी सभेत कर्व्यांना नावे ठेवली आणि घरात त्यांचे ऐकले. हा आपला इतिहास आहे. तो आठवला म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांची मोजणी करताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

हे साधन गरिबाला परवडले पाहिजे आणि त्याची जबाबदारी सरकारने घेतली पाहिजे, हा विचार कायदेमंडळात मांडण्याचे श्रेय पुन्हा आंबेडकरांकडे जाते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत त्यांच्या पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी एक ठराव मांडला. संततिनियमनाचा जोराने प्रचार करावा आणि त्यासाठी सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी ती मागणी होती. रोहम यांनी केलेले भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. सभागृहात हसणारे हसले असतील, नाक मुरडणारे मुरडून बसले असतील. परंतु जे श्रीमंत पैसे मोजून मिळवितात ते गरिबाला सार्वजनिक खर्चाने मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्या दिवशी नोंदले गेले. त्याच वर्षाच्या सुमारास पुण्यात शकुंतलाबाई परांजपे यांनी आपल्या कार्याला आरंभ केला. रँग्लर परांजप्यांची ही कन्या, नात्याने कर्व्यांच्या घराण्यातलीच. कर्वे लेखणीने लढले. शकुंतलाबाई वस्त्यांत आणि खेड्यांत जाऊन बायकांशी बोलल्या. पुढे त्या मुंबई राज्याच्या विधान परिषदेवर आणि १९६४ पासून सहा वर्षे राज्यसभेवर होत्या. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा हे काम सुरू करून त्यांना पन्नासाहून अधिक वर्षे लोटली होती.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असे करणारा जगातला हा पहिला देश म्हणून आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले होते. परंतु आरंभी भर कशावर दिला, तर दिवस मोजण्याच्या पद्धतीवर. गांधीवादी आरोग्यमंत्री राजकुमारी अमृतकौर यांना कृत्रिम साधने रुचत नव्हती. शिवाय ही पद्धत बिनखर्चाची. प्रयोगाच्या गावांत बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. एका रंगाचे मणी धोक्याच्या दिवसांचे, दुसऱ्या रंगाचे निर्धोक दिवसांचे. रोज एक मणी पुढे सरकवायचा. कल्पना चांगली होती, पण ज्या घरात संपूर्ण कुटुंब एका खोलीत झोपते आणि नवऱ्याला नाही म्हणण्याची मुभा नाही, तेथे मणी काय करणार? प्रयोग फसला. ज्या साधनाला एक पैसाही पडत नाही ते सर्वांना परवडते, हा समज पहिल्याच पावलाला खोटा ठरला. त्यातून शिकायला हवे होते तेवढे आपण शिकलो नाही.

त्यानंतर एक खरोखर हुशारीची गोष्ट झाली, ती सांगायलाच हवी. साठीच्या दशकात बाजारात निरोधाचा एक नग सुमारे २५ पैशांना मिळे. मजुराच्या मिळकतीत ही किंमत जड होती. सरकारने ठरविले की साधन आयात करून, पुढे देशात तयार करून, तोट्यात विकायचे. १९६८ साली 'निरोध' बाजारात आला, १५ पैशांना ३ नग. त्यासाठी सरकारी दवाखाने पुरणार नाहीत हे ओळखून चहा, साबण, सिगारेट आणि विजेऱ्या विकणाऱ्या बड्या कंपन्यांच्या विक्रेत्यांमार्फत तो गावोगावच्या दुकानांत पोहोचविला. जेथे चहाची पुडी जाते तेथे निरोध गेला. पुढील वर्षी तिरुअनंतपुरम येथील सरकारी कारखान्यात, जपानी कंपनीच्या सहकार्याने, उत्पादन सुरू झाले. संस्कृतातून उचललेले ते नाव इतके रुळले की आज ते त्या वस्तूचे सामान्यनामच झाले आहे.

निरोधाची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात किंमत आणि वाट या दोन्हींचा विचार झाला होता. वस्तू स्वस्त केली आणि ती माणसाच्या नेहमीच्या रस्त्यावर आणून ठेवली. खाडा करायला नको, केसपेपर काढायला नको, कोणाचे बोलणे ऐकायला नको. अर्थात या साधनाची मर्यादा सरळ होती. ते पुरुषाने वापरायचे. त्याने मनावर घेतले नाही, तर स्वस्ताई फुकट गेली.

स्त्रियांच्या साधनांची गोष्ट याहून वेगळी आहे. १९६५ साली 'लूप' आले. प्रारंभी लाखो बायकांनी ते बसवून घेतले. पण बसविल्यानंतर रक्तस्राव झाला, पोटात दुखू लागले, तर जायचे कोठे, याची व्यवस्था नव्हती. बसविणारे पथक पुढच्या गावाला निघून गेलेले असे. एकीचा अनुभव गावात पसरला की पुढच्या दहा जणी दार लावून घेत. साधन वाईट नव्हते. ते बसविल्यानंतरची काळजी अंदाजपत्रकात धरलेली नव्हती, इतकेच. तांबी पुढे आली, ती अधिक सुधारलेली होती, तरी बायकांच्या मनातली जुनी भीती कायम राहिली. आजही तांबीविषयी मी ज्या कंड्या ऐकते, ती पोटातून वर सरकते, काळजात जाते, त्यांचे मूळ मी अज्ञानात शोधीत नाही. ज्यांच्या प्रश्नांना कोणी उत्तर दिले नाही, त्यांनी स्वतःची उत्तरे तयार केली.

यानंतरचा अध्याय आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. साधन पोहोचविण्यापेक्षा शस्त्रक्रिया मोजणे सोपे, हे शासनाच्या लक्षात आले. १९७१ साली केरळात एर्नाकुलम येथे एका महिन्याच्या शिबिरात ६० हजारांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. रोख पैसे आणि वस्तू देऊ केल्या होत्या. उपाशी माणसाला पैसे दाखवून घेतलेला होकार कितपत होकार असतो, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. पुढे आणीबाणीत लालूचही उरली नाही, धाक आला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. शिक्षकांना कोटा, तलाठ्यांना कोटा, पगार अडविलेले, बाजारातून उचलून नेलेली माणसे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरले नाही. शाह आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद झाली. ही सक्ती कोणावर झाली? बंगल्यात राहणाऱ्यांवर नव्हे. झोपडपट्टीतील, खेड्यांतील, ज्यांच्यामागे कोणी नाही अशा माणसांवर झाली.

१९७७ साली सरकार बदलले, कार्यक्रमाचे नाव 'कुटुंबकल्याण' झाले. पुरुष घाबरून कायमचे बाजूला झाले आणि सारा भार स्त्रीच्या पोटावर आला. वैद्यक सांगते की पुरुषाची नसबंदी ही दोहोंतली सोपी, बिनटाक्याची, काही मिनिटांत होणारी आणि कमी धोक्याची. स्त्रीची शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीने करावी लागते. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी काय सांगते? २०१९ ते २१ च्या पाचव्या पाहणीत विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत स्त्रीची नसबंदी झालेली होती, तर पुरुषाची ०.३ टक्क्यांत. निरोध वापरणारे ९.५ टक्के, गोळ्या घेणाऱ्या ५.१ टक्के, तांबी बसविलेल्या २.१ टक्के. कोणतीही पद्धत अवलंबिणाऱ्या दर १०० जोडप्यांत सुमारे ५७ जोडप्यांचा उपाय म्हणजे बायकोचे ऑपरेशन. मागील पाहण्यांनुसार, ऑपरेशन झालेल्या स्त्रियांपैकी निम्म्या जणींचे ते वयाची २६ वर्षे पूर्ण होण्याआधीच उरकलेले असते. म्हणजे लग्न लवकर, मुले लागोपाठ आणि मग कायमचा बंदोबस्त. दोन मुलांत अंतर राखण्यासाठी जे साधन हवे, ते मधल्या काळात हाताशी नाही.

याचे कारण गरीब बायकांना ऑपरेशनच आवडते, असे सांगितले जाते. मी हजारो बायकांशी बोलले आहे. त्यांना ऑपरेशन आवडत नाही. त्यांना एकदाच खाडा करायचा असतो. गोळ्यांसाठी दर महिन्याला खेप, तांबीसाठी तपासणीची खेप, आणि ऑपरेशनसाठी जन्मात एकदाच. शिवाय ऑपरेशनला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते, गोळ्या आणायला येणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी कोणी देत नाही. ज्याला आपण निवड म्हणतो ती अशी हिशेबाने आधीच झालेली असते.

आणि त्या एका खेपेत तिला आपण काय दिले? ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात, बंद पडलेल्या एका रुग्णालयाच्या इमारतीत शिबिर झाले. काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. त्याआधी, जानेवारी २०१२ मध्ये, बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्रीच्या वेळी, विजेरीच्या उजेडात, दोन तासांत ५३ स्त्रियांची ऑपरेशने केली गेली. त्याविरुद्ध देविका विश्वास या कार्यकर्तीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत असे सांगितले आणि आरोग्य व संततीविषयीचा निर्णय हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मी स्वतः तरुणपणी शिबिरांत काम केले आहे. दुपारपर्यंत किती झाली, हाच प्रश्न वरून येई. कशी झाली, हा नाही. आकडा गाठल्याचे समाधान मलाही वाटे, हे येथे कबूल केले पाहिजे.

परिस्थिती काहीच सुधारली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल १९९६ पासून वरून लादलेली उद्दिष्टे कागदोपत्री तरी रद्द झाली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत आपल्याच शास्त्रज्ञांनी आठवड्यातून एकदा घ्यायची, संप्रेरक नसलेली गोळी शोधून काढली. १९९१ साली ती 'सहेली' नावाने बाजारात आली आणि आता 'छाया' नावाने सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे 'अंतरा' हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आले. २०११ पासून आशा कार्यकर्तीने साधने घरपोच द्यावीत अशी योजना सुरू झाली. निरोधाच्या तीन नगांना एक रुपया, महिन्याच्या गोळ्यांना एक रुपया, संकटकालीन गोळीला दोन रुपये. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही गर्भनिरोधके करमुक्त ठेवली गेली.

या इंजेक्शनाची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खाजगी दुकानांत विकण्याची परवानगी त्याला १९९३ साली मिळाली होती. सरकारी दवाखान्यात ते यायला आणखी चोवीस वर्षे लागली. या विलंबामागे केवळ अनास्था नव्हती. स्त्री संघटनांनी त्याला विरोध केला, न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे असे की ज्या व्यवस्थेत तपासणी नाही, नंतरची विचारपूस नाही, तेथे बाईला न सांगता सुई टोचली जाईल. लूपचा आणि शिबिरांचा इतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांना ही भीती वाटणे साहजिक होते. पण याचा परिणाम असा झाला की पैसेवाल्या स्त्रीला निवड होती आणि गरीब स्त्रीला नव्हती. व्यवस्था विश्वासास पात्र नसली की तिचा तोटा शेवटी कोणाला होतो, हे यावरून दिसते.

तेव्हा परवडणे म्हणजे काय, याचा हिशेब आपण नीट मांडू. साधनाची किंमत हा त्यातला पहिला आकडा, आणि तो आज बहुतेक शून्यावर आला आहे. दुसरा आकडा बुडालेल्या मजुरीचा. तिसरा प्रवासाचा. चौथा साधन शिल्लक नसल्यामुळे मारलेल्या दुसऱ्या खेपेचा. पाचवा आकडा रुपयांत मांडता येत नाही. पाच जणींच्या देखत 'किती मुले?' म्हणून विचारणे, 'आता तरी थांब' म्हणून झिडकारणे, सासूची सही आहे का म्हणून अडविणे, लग्न न झालेल्या मुलीकडे वर-खाली पाहणे. हा अपमान गरिबालाच भरावा लागतो. खाजगी दवाखान्यात पैसे देणाऱ्या बाईला त्याच गोष्टी गोड शब्दांत सांगतात. गावोगाव फिरणाऱ्या ऊसतोडणी कामगार, वीटभट्टीवरच्या बायका, बांधकामावरून बांधकामावर जाणारी बिऱ्हाडे, यांच्या बाबतीत तर आशाताईंचे गाव वेगळे आणि यांचा मुक्काम वेगळा. यादीत नाव एकीकडे आणि बाई दुसरीकडे.

त्या पाचव्या पाहणीतच असे आढळले की ९.४ टक्के विवाहित स्त्रियांना मूल नको आहे किंवा इतक्यात नको आहे, तरी त्या कोणतेही साधन वापरत नाहीत. या टक्केवारीमागे कोट्यवधी स्त्रिया आहेत. ज्यांना समजावून सांगण्याची गरज नाही, ज्यांना स्वतःहून थांबायचे आहे, अशा या स्त्रिया आहेत. आणि आपण मात्र दिवाणखान्यात बसून म्हणतो, 'या लोकांना सांगून समजत नाही.' देशाचा जननदर त्या पाहणीत दर स्त्रीमागे २.० इतका खाली आला होता. सर्वांत गरीब पंचमांश कुटुंबांतही तो २.६ होता, तर सर्वांत श्रीमंत पंचमांशात १.६. गरिबांना मुलांची हौस असते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. फरक एका मुलाचा आहे, आणि त्या एका मुलाच्या मागे पुष्कळदा न मिळालेली तांबी असते.

यावर उपाय कोणते, असे कोणी विचारील. फार मोठे नाहीत. दवाखान्यातील कुटुंबनियोजनाची खिडकी आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी, काम सुटल्यावर, उघडी असावी. साठा संपण्याआधी मागणी जावी. महिन्याच्या ऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम हाती द्याव्यात. बांधकामाच्या आणि वीटभट्टीच्या जागी पथकाने स्वतः जावे. पुरुषांशी बोलायला पुरुष कार्यकर्ता असावा, कारण हा विषय बायकांच्या रांगेतच अडकून पडला आहे. पडद्याआड, एकटीला, तिच्या भाषेत सगळी साधने दाखवावीत, प्रत्येकाचा त्रास काय आणि फायदा काय ते सांगावे, आणि मग ती म्हणेल ते द्यावे. नको म्हणाली तर तेही मानावे. यात खर्चाची बाब थोडी आहे, सवयीची अधिक आहे.

शेवटी वाचनालयाच्या व्यासपीठावरून हे सारे का सांगितले, याचा खुलासा करते. फुकट वस्तूही लोकांपर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे वाचनालयाइतके दुसऱ्या कोणत्या संस्थेला ठाऊक असेल? बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ उभी केली, तेव्हा राजधानीत एक मोठे ग्रंथालय बांधून ते थांबले नाहीत. ग्रंथ पेट्यांत भरून खेड्यांत पाठविले. वाचक ग्रंथापाशी येऊ शकत नाही, तर ग्रंथ वाचकापाशी गेला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. अकरा ते पाच या वेळातच उघडे राहणारे वाचनालय कितीही मोफत असले तरी त्यात नोकरदार वाचक येणार नाही, म्हणून आपण संध्याकाळी दिवे लावून बसतो. आपल्या वाचनालयाच्या घटनेत जे शहाणपण आहे, तेच दवाखान्याच्या वेळापत्रकात यावे, एवढीच माझी मागणी आहे.

सभासदांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कामाला एक तरी बाई येते. ती दवाखान्यात जाण्यासाठी सुट्टी मागते तेव्हा कारण विचारू नका आणि त्या दिवसाचे पैसे कापू नका. कर्व्यांनी आपल्या घरांना जे दिले, त्याची परतफेड करण्याची ही फार छोटी रीत आहे. पण त्या दिवशी माझ्यासमोर उभ्या असलेल्या बाईला तिच्या मुकादमाने एवढे केले असते, तर तिला चौथ्यांदा त्या खाटेवर यावे लागले नसते.

तिची प्रसूती कठीण झाली. ती वाचली, मूलही वाचले. तांबी मी स्वतः, प्रसूतीनंतर लगेच, तिच्या संमतीने बसविली. निघताना ती म्हणाली, "आता दोन खेपांचे पैसे वाचले." मी हसले, पण ते ऐकून मनाला लागायचे ते लागलेच.